आधी खंजिरी, मग ॲम्प्लिफायर : तालुक्यातल्या ध्वनिप्रेमींच्या बैठकीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नेर, दारव्हा, दिग्रस आणि आर्णी या तालुक्यांत मिळून तुम्ही सात-आठ जण आहात. कोणी ४४४० आयसीचा (आवाज वाढवणाऱ्या चिपचा) ॲम्प्लिफायर स्वतः जोडतो, कोणी बिछायत केंद्रात, म्हणजे मंडप-भोंगे भाड्याने देणाऱ्या दुकानात, साऊंड सांभाळतो, कोणाच्या घरी वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर आहे, तर एकाने नुकतेच हप्त्याने चांगले स्पीकर घेतले आहेत. आजवर ओळख फक्त फोनवरची आहे. आता प्रत्यक्ष भेटावे, मैफलींना आणि मुंबईच्या ध्वनिप्रदर्शनांना मिळून जावे असे तुम्हाला वाटते. तेव्हा सुरुवात कशी करावी, आणि होणाऱ्या खर्चाच्या मानाने त्यातून शिकायला काय मिळते, असे तुम्ही विचारले आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षांपासून ॲम्प्लिफायर, मिक्सर आणि स्पीकर दुरुस्तीचे काम करतो, आणि त्यातली गेली पंधरा वर्षे तुमच्यासारख्याच एका लहान गटासोबत ऐकण्याच्या बैठका घेत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे सांगणे असे की, पहिल्या दोन-तीन भेटींना यंत्रे आणूच नका. सर्वांनी मिळून माईकशिवायचा, प्रत्यक्ष गळ्यातून आणि वाद्यातून निघणारा आवाज ऐका, तो मुद्रित करा, आणि त्यानंतर मैफल, मग यंत्रांची तुलना व सर्वांत शेवटी प्रदर्शन या क्रमाने जा. हा क्रम उलटा झाला म्हणजे काय होते ते मी स्वतः भोगले आहे. ते योग्य ठिकाणी सांगेन.

हाय-फाय या शब्दाचा अर्थच मुळात मूळ आवाजाशी राखलेले इमान असा आहे. पण मूळ आवाज कोणता, हेच जर आठ जणांच्या मनात आठ प्रकारचे असेल, तर कोणता स्पीकर खरा बोलतो या वादाला निवाडा करणारा कोणीच उरत नाही. आपल्याकडच्या तरुण मुलांनी हार्मोनियम बहुधा भोंग्यातून, लग्नाच्या टॉप-बेसमधून किंवा मोबाईलमधून ऐकलेली असते. दोन हातांवर बसून, भात्याच्या श्वासासकट ती ऐकलेली नसते. मग ज्या स्पीकरमध्ये बेस जास्त आणि झणझणाट जास्त, तोच त्यांना चांगला वाटतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांच्या कानाला दुसरे माप मिळालेले नाही.

हे माप मिळवण्यासाठी आपल्याला कुठे दूर जावे लागत नाही, आणि या बाबतीत विदर्भातली खेडी मोठ्या शहरांपेक्षा सुदैवी आहेत असे मी मनापासून मानतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले श्रीगुरुदेव सेवा मंडळ आपल्याकडे गावोगावी आहे. तिथल्या सामुदायिक प्रार्थनेला आणि खंजिरी भजनाला जाऊन बसा. कार्तिकात पहाटेचा काकडा असतो, तेव्हा पंखा, पंप, गाड्या असे काहीच चालू नसते, आणि विठ्ठल मंदिरात मृदंग, टाळ व पेटी माईकशिवाय ऐकायला मिळतात. मात्र हल्ली लहानशा देवळातही माईक लावतात. तेव्हा मंडळाच्या वडीलधाऱ्यांना आधी भेटून, एक दिवस माईक बंद ठेवण्याची विनंती करावी लागते. कारण नीट समजावून सांगितले तर बहुतेक ठिकाणी ती मान्य होते, असा माझा अनुभव आहे.

तिथे बसून काय ऐकायचे तेही ठरवून जा. खंजिरीत दोन वेगवेगळे आवाज आहेत : चामड्यावर बोटांचा पडणारा ठोका आणि कडीतल्या चकत्यांची किणकिण. प्रत्यक्षात ठोका कोरडा व आखूड असतो, आणि किणकिण त्याच्या मागोमाग पसरून हळूहळू विरते. ती टोचत नाही. हलक्या ट्विटरमधून, म्हणजे स्पीकरच्या उंच स्वरांच्या लहान युनिटातून, हीच किणकिण वाळू सांडल्यासारखी, एकाच जातीच्या सळसळीसारखी ऐकू येते, आणि भारी बेसच्या पेटीतून ठोका लांबतो. एवढी एक खूण कानात पक्की बसली तर निम्मे स्पीकर तुम्ही पाच मिनिटांत ओळखाल. पेटीत स्वर धरून ठेवलेला असताना भात्याचा दाब बदलला की आवाजाचा पोत कसा बदलतो ते ऐका. टाळाचा पहिला आघात आणि त्यानंतरचा नाद यांतले अंतर ऐका. गाणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ वेगळा कळतो की नाही याकडे लक्ष द्या. आधी पाच हातांवर बसा, मग देवळाच्या दाराशी जाऊन उभे राहा. भिंतींवरून परतणारा आवाज दाराशी किती वाढतो ते कळेल. प्रत्येकाने एकमेकांशी बोलण्यापूर्वी आपापल्या वहीत चार ओळी लिहाव्यात. बोलणे आधी झाले की मोठ्याने बोलणाऱ्याचे मत सगळ्यांचे होऊन जाते, आणि मग वहीत लिहिण्यासारखे काही उरत नाही.

दुसऱ्या भेटीत हेच भजन मुद्रित करा. त्यासाठी हातात मावणारा, दोन माईकचा रेकॉर्डर पुरेसा आहे. रेकॉर्डरचे सेटिंग २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि पातळी अशी लावा की टाळाचा सर्वांत मोठा आघातही उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटांत एवढी मोकळी जागा सोडली तरी काही बिघडत नाही. उलट आघात एकदा कापला गेला की तो परत मिळत नाही. दोन वेगळे माईक असतील तर त्यांच्यामध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ठेवण्याची फ्रेंच रेडिओची जुनी पद्धत अशा मंडळीसाठी फार छान चालते. रेकॉर्डर पेटीजवळ ठेवू नका. सगळी मंडळी अर्धगोलात बसलेली असताना श्रोता जिथे बसेल तिथे, कानाच्या उंचीवर ठेवा.

आमच्या पहिल्या मुद्रणात मी हीच चूक केली होती. रेकॉर्डर खंजिरीवाल्याच्या अगदी शेजारी, खांबाला बांधला होता. नंतर माझ्या दुकानात मंडळातल्या सगळ्यांना बोलावून ते ऐकवले, तेव्हा तरुण मंडळी खूश झाली, पण चाळीस वर्षे पेटी वाजवणारे एक आजोबा शांतपणे म्हणाले की, पेटी माझीच आहे, पण मी काही खंजिरीच्या मागे बसून वाजवत नव्हतो. त्यांनी आयुष्यात कधी हाय-फाय हा शब्द ऐकला नव्हता. पण मूळ आवाज त्यांच्या कानात पक्का होता, म्हणून त्यांना चूक तत्काळ दिसली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बैठकीला प्रत्यक्ष वाजवणारा किंवा गाणारा एक तरी माणूस असावा असा आम्ही नियमच केला. तुम्हीही तो करावा.

प्रत्यक्ष वादन आणि यंत्र शेजारी शेजारी ठेवून पारखण्याची ही रीत काही आपण नव्याने काढलेली नाही. १९१५ पासून पुढे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी गायक आणि आपला फोनोग्राफ एकाच रंगमंचावर ठेवून, मधेच दिवे मालवून लोकांना ओळखायला सांगितले होते. १९५४ साली व्हार्फडेल या स्पीकर-कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, क्वाड या कंपनीच्या पीटर वॉकर यांचे ॲम्प्लिफायर वापरून, प्रत्यक्ष वादन आणि मुद्रण यांची तुलना भरगच्च सभागृहासमोर केली. पुढे १९६० च्या सुमारास एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने तंतुवाद्यांच्या चौकडीसोबत असेच प्रयोग केले. या सर्वांत विक्रीचा हेतू होताच. तरी लोकांना मूळ आवाजासमोर बसवण्याचे त्यांचे धाडस मला आजच्या प्रदर्शनांपेक्षा मोठे वाटते. तुमच्या सात-आठ जणांना देवळाच्या ओट्यावर हा प्रयोग करायला रेकॉर्डर, दोन स्पीकर आणि एक संध्याकाळ एवढेच लागते.

आता मैफलींकडे येऊ. नागपूरचे डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतले कविवर्य सुरेश भट सभागृह येथे शास्त्रीय व सुगम संगीताचे कार्यक्रम होतात. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालयही नागपुरातच आहे, त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. वसंतराव मूळचे मूर्तिजापूरचे आणि सुरेश भट अमरावतीचे, तेव्हा त्यांच्या नावाच्या सभागृहांत आपण पाहुणे म्हणून जाऊ नये असे मला वाटते. कार्यक्रम संपेपर्यंत शेवटची एस.टी. निघून गेलेली असते, म्हणून आठ जणांनी एक गाडी करून जाणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. शिवाय परतीच्या अडीच-तीन तासांत गाडीत जी चर्चा होते तिच्यासारखी चर्चा दुसरीकडे होत नाही.

सभागृहात किंवा मैदानात तुम्ही जे ऐकता ते बहुतेक वेळा गायकाचा गळा नसून माईक, मिक्सर आणि स्पीकर यांतून आलेला आवाज असतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून मैफलीला जाताना दोन वेगळ्या गोष्टी शिकायच्या असतात : कलावंताचे संगीत आणि साऊंडवाल्याचे काम. शक्य असेल तर मिक्सरच्या जवळपास बसा, कारण साऊंडवाला जे ऐकून पातळी लावतो ती त्याच जागेवरची असते. मध्यंतरात जागा सोडून संपूर्ण मैदानाला एक फेरी मारा. डाव्या-उजव्या बेसच्या पेट्यांच्या बरोबर मध्यरेषेवर बेस फुगतो, आणि चार पावले बाजूला गेले की काही स्वर गळून पडतात, कारण दोन्हीकडून येणाऱ्या लाटा तिथे एकमेकींना खोडतात. मागच्या बाजूला वेगळे भोंगे लावले असतील तर शब्द दोनदा ऐकू येतात का ते पाहा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. रंगमंचापासून तीस मीटरवर लावलेल्या भोंग्याला नव्वद मिलिसेकंदांचा विलंब दिला नसेल, तर भोंग्यातला शब्द आधी आणि रंगमंचावरचा नंतर पोचतो, आणि मागच्या रांगांना कीर्तन कळत नाही. तुमच्यापैकी जो बिछायत केंद्रात काम करतो त्याला ही एक गोष्ट उमजली, तर पुढच्या सप्ताहात साऱ्या गावाला त्याचा फायदा होईल.

साऊंडवाल्याशी बोलायचे असेल तर कार्यक्रमाच्या आधी दोन तास पोचा, वायरी पसरायला हात लावा, आणि माईकची तपासणी चालू असताना मुकाट्याने पाहा. चालू कार्यक्रमात त्याला ट्रेबल कमी करा असे सांगायला कधीही जाऊ नका. तो माणूस त्या क्षणी माईक शिट्टी मारू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेला असतो.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, झाडीपट्टीची वारी अवश्य करा. वडसा हे त्या रंगभूमीचे केंद्र. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत रात्रभर नाटके चालतात, आणि पुष्कळदा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने एकाच गावात एका रात्री अनेक प्रयोग होतात. मोकळ्या वावरातल्या कापडी मंडपात आवाज परतवणारी भिंत नसते, त्यामुळे ऑर्गन आणि तबल्याचा थेट आवाज कसा असतो ते वादकांच्या जवळ बसून फार स्वच्छ कळते. तिथेच हिवाळ्याच्या रात्रीचा आणखी एक चमत्कार अनुभवाला येतो : जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज वर निसटून न जाता वाकून खाली येतो, म्हणून दोन कोसांवरचे नाटकाचे पदही स्पष्ट ऐकू येते. दुपारच्या उन्हात याच्या उलट घडते.

इथे कानाच्या प्रकृतीविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण या छंदात दुसरे भांडवल नाही. अमेरिकेतील कामगार आरोग्यविषयक संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तास आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा असा हिशेब आहे. म्हणजे ८८ ला चार तास आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. मिरवणुकीतल्या डीजेसमोर ही मर्यादा एका गाण्यातच संपते. फोमचे कानबोळे खिशात ठेवा आणि लाज न बाळगता वापरा. तरुणपणी भोंग्यांची युनिटे मी उघड्या कानांनी तपासली, त्याची किंमत आज मोजतो आहे : माझ्या उजव्या कानाला बारा हजार हर्ट्झच्या वरचे काही ऐकू येत नाही. म्हणूनच बैठकीला घरातल्या मुली-सुनांना, शाळेतल्या मुलांना आग्रहाने बसवा. ट्विटरमधला दोष आमच्याकडे प्रथम माझ्या पुतणीने सांगितला, आणि ती तेव्हा आठवीत होती.

आता यंत्रांची तुलना. यासाठी कोणाच्या तरी घरची एक खोली ठरवावी लागेल, आणि मी तुम्हाला खोलीच्या बाबतीत सर्वांत जास्त सावध करू इच्छितो. एका वर्षी आमची बैठक एका मित्राच्या वाड्यातल्या मागच्या खोलीत भरत असे. मार्गशीर्षात त्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत वेचलेला कापूस भरलेला होता, आणि त्याच्यासमोर मांडलेले साधे, घरी बनवलेले स्पीकर असे काही बोलले की आम्ही सर्वांनी तीच रचना उतरवून घेतली. पौषात भाव बरा मिळाला, कापूस विकला गेला, आणि माघातल्या बैठकीत तेच स्पीकर, तोच ॲम्प्लिफायर आणि तेच मुद्रण इतके कर्कश वाटले की आम्ही तासभर सोल्डरिंगमधला दोष शोधत राहिलो. दोष कुठेच नव्हता; कापूस गेला होता. त्या दिवशी मला जे कळले ते वाचून कळले नव्हते : स्पीकरइतकीच, कधी त्याहून अधिक, खोली बोलते. त्यानंतर आम्ही सरकी काढलेल्या कापसाच्या जुन्या गाद्या बाजूच्या भिंतींना उभ्या लावू लागलो. चार इंच जाडीची गादी गळ्याच्या वरच्या पट्टीपासून पुढे चांगले काम करते, पण बेसवर तिचा काहीच परिणाम होत नाही, कारण शंभर हर्ट्झच्या लाटेची लांबीच जवळपास साडेतीन मीटर असते. (भरलेला कापूस असलेल्या खोलीत सोल्डरिंग आयर्न, अगरबत्ती किंवा विडी यांपैकी काहीही नको, हे वेगळे सांगायला नको असे वाटते, पण तरी सांगतो.)

दहा फूट लांब, दहा रुंद आणि दहा उंच अशी खोली टाळा. तिन्ही दिशांना एकच माप असले की ५६ हर्ट्झच्या आसपासचा एकच स्वर तिन्हीकडून फुगतो, आणि प्रत्येक गाण्यात तोच घुमतो. टिनाच्या छपराखालीही नको. बेसला टिन कंप पावते आणि दोष विनाकारण स्पीकरला लागतो. जुनी मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलू असलेली आणि लांबट आकाराची खोली मिळाली तर ती सिमेंटच्या नव्या हॉलपेक्षा बरी.

दोन ॲम्प्लिफायर शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर दोन्हींची पातळी आधी समान करा. याला पर्याय नाही. आमच्या एका बैठकीत सात जणांपैकी सहा जणांनी एका ॲम्प्लिफायरला अधिक मोकळा, अधिक जिवंत असे म्हटले. नंतर मी स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावून एकाच सुरावर मोजले, तेव्हा एकाचे २ व्होल्ट आणि त्या आवडत्याचे २.४ व्होल्ट भरले. हा फरक दीड डेसिबलहून थोडा अधिक होतो. एवढा फरक आवाज मोठा आहे असे वाटायला पुरत नाही, पण आवाज चांगला आहे असे वाटायला पुरून उरतो. पातळी समान केल्यावर कोणालाही ठामपणे निवड करता आली नाही. तेव्हा चारशे हर्ट्झचा सूर वाजवा, दोन्हींवर २ व्होल्ट येतील असे आवाजाचे बटण लावा, आणि फरक २.०० व २.०२ यांच्या पलीकडे जाऊ देऊ नका. तो एक दशांश डेसिबलच्या आत येतो. साधे मीटर उंच स्वरांवर चुकते, म्हणून सूर फार वरचा घेऊ नये.

दुसरे असे की, कोणते यंत्र चालू आहे ते ऐकणाऱ्याला दिसू देऊ नका. मध्ये धोतर किंवा चादर बांधा आणि बदलणारा माणूसही पडद्याआड ठेवा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले की, स्पीकर दिसत असताना अनुभवी माणसांचीही मते बदलतात. हे कोणाची परीक्षा घेण्यासाठी नाही, हे बैठकीत पहिल्यांदाच स्पष्ट सांगा, कारण एखाद्याने दोन हंगामांच्या बचतीतून घेतलेले यंत्र पडद्याआड सामान्य ठरले तर त्याचे मन दुखावते, आणि दुखावलेला माणूस पुढच्या बैठकीला येत नाही. आमचे दोन चांगले सोबती आम्ही असेच गमावले.

विजेचीही नोंद ठेवा. संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की आपल्या भागात २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळणे नवे नाही. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या साध्या ॲम्प्लिफायरची कमाल ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १८० व्होल्टला ती साधारण साठ टक्क्यांवर येते, आणि तबल्याच्या डग्ग्यावर आवाज कापला जाऊ लागतो. स्विचिंग सप्लायच्या यंत्रावर तोच परिणाम क्वचितच होतो. अशा वेळी केलेली तुलना यंत्रांची नसून फीडरची, म्हणजे गावाच्या वीजवाहिनीची, असते. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तेव्हा बैठकीला साईन वेव्हचा इन्व्हर्टर मागून आणा. यंत्रे जोडल्यावर येणारी घरघर पन्नास हर्ट्झची असेल तर बहुधा अर्थिंग दोन ठिकाणी झालेले असते. शंभरची, जराशी खरखरीत असेल तर फिल्टरचा कपॅसिटर वाळलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते.

हे सगळे झाल्यावर मग प्रदर्शन. मुंबईत मे महिन्याच्या अखेरीच्या सुमारास पाम एक्स्पो भरते. ते मुख्यतः व्यावसायिक ध्वनी आणि प्रकाश यांचे आहे, म्हणजे मिक्सर, माईक, मोठ्या स्पीकरांच्या ओळी; घरगुती हाय-फायचा शौकीन तिथे थोडा बावरतो, पण तुमच्या गटातल्या साऊंडवाल्यासाठी ते अधिक उपयोगाचे आहे असे माझे मत आहे. मृगाच्या आधीची वखरणी उरकून जाता येते, आणि गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस बडनेऱ्याला पकडली तर सकाळी मुंबईत पोचता येते. घरगुती यंत्रांची प्रदर्शने जगभर बहुधा हॉटेलच्या खोल्यांत भरतात. घरगुती यंत्रांचे सर्वांत नावाजलेले प्रदर्शन हाय एंड १९८० च्या दशकापासून चालत आलेले आहे आणि दोन दशके जर्मनीत म्युनिकमध्ये भरत होते. आपल्याला तिथे जायचे नाही, पण हॉटेलांतल्या प्रदर्शनांच्या पाहणाऱ्यांची तक्रार हीच असते की, पलंग काढलेल्या लहान खोलीत, शेजारच्या खोलीचा बेस भिंतीतून येत असताना आणि तीस माणसे कुजबुजत असताना कोणतेही यंत्र आपले खरे रूप दाखवू शकत नाही.

माझी फसगत अशाच ठिकाणी झाली. पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा मी एकटा होतो, कोणतेही ठरलेले मुद्रण सोबत नव्हते, आणि एका विक्रेत्याच्या खोलीत गालिचा, जाड पडदे आणि गर्दी अशा शोषून घेणाऱ्या वातावरणात एक स्पीकरची जोडी काचेसारखी स्वच्छ वाटली. मी आगाऊ रक्कम देऊन आलो. घरी, फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत, त्याच जोडीसमोर वीस मिनिटेही बसवत नव्हते. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला, आणि ती जोडी मी दोन वर्षांनी निम्म्या किमतीत विकली. खंजिरीचे मुद्रण जवळ असते तर एका मिनिटात कळले असते.

म्हणून प्रदर्शनाला जाताना आपले स्वतःचे भजन पेनड्राईव्हमध्ये घ्या, दोन-तीन मिनिटांचे, आणि सोबत एकाच बाईच्या किंवा पुरुषाच्या साध्या बोलण्याचे अर्ध्या मिनिटाचे मुद्रण घ्या. बोलण्यात स्पीकरचे नाकातले सूर तत्काळ उघडे पडतात. पहिल्या दिवशी सकाळी दारे उघडताच पोचा, कारण त्या तासात खोल्या रिकाम्या असतात आणि मांडणाऱ्यांना बोलायला वेळ असतो. आवाज कमी करून ऐकवा अशी विनंती करा. जे यंत्र कमी आवाजातही मृदंगाची धुम आणि चाटी वेगवेगळी ठेवते ते घरी टिकते. एकाच वेळी आठ जण एका खोलीत शिरू नका, दोघा-दोघांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीने तीनच प्रश्न ठरवून जावे आणि संध्याकाळी वह्या एकत्र कराव्यात. त्या दोन दिवसांत खरेदी करायची नाही असा करार घरून निघतानाच करा. यादी आणा, महिनाभर ठेवा, आणि शक्य झाले तर तेच यंत्र नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या दुकानातून दोन दिवस घरी ऐकायला मागून पाहा. ओळखीच्या दुकानदाराकडून अनामत ठेवून ते कधी कधी मिळते.

बैठक घरी असो वा देवळात, रात्री दहाच्या आत मोठ्या आवाजाचे काम संपवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि शेजाऱ्यांनी एकदा तक्रार केली की त्या घरात पुन्हा बैठक होत नाही. खर्चाची पद्धत आम्ही अशी ठेवली आहे की, गाडीचे भाडे सारखे वाटून घ्यायचे, यजमानाने फक्त चहा द्यायचा, जेवण प्रत्येकाने घरून आणायचे, आणि दुसऱ्याचे यंत्र नेताना कोणाची चूक असो वा नसो, बिघाड दुरुस्त करण्याचा खर्च नेणाऱ्याने द्यायचा. यंत्रे गाडीत नेताना ट्रान्सफॉर्मरची बाजू खाली आणि रेकॉर्ड प्लेअरची भुजा बांधलेली असावी. आपल्या रस्त्यांवर सुई सर्वांत आधी जाते.

पहिली भेट तुम्ही कार्तिकात ठेवणार असाल, तर काकड्याच्या आधी अर्धा तास पोचा म्हणजे मंडळी पेटीचे सूर लावताना ऐकता येतील. तिसऱ्या किंवा चौथ्या बैठकीला यंत्रे आणाल तेव्हा मीटरची नऊ व्होल्टची बॅटरी आदल्या दिवशीच बदलून घ्या. ती उतरलेली असली की बरेच मीटर व्होल्टेज असते त्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि मग समान केलेली पातळीही समान राहत नाही.